खुंटीवरचा पट्टा

डोमखेड, तालुका परांडा
कार्तिक वद्य ५, शके १८६५

तीर्थस्वरूप शिवकांताअक्का यांस,
मामेभाऊ कल्याणप्पाचे शरणु शरणार्थी.

दिवाळीचं पत्र उशिरा लिहितोय, रागावू नका. घरी सगळी खुशाल आहेत. दुकान चाललंय म्हणायचं. रॉकेल नाही, काडेपेटी नाही. लढाई कुठं चाललीय आणि टंचाई इथं डोमखेडात.

एक काम आहे. तुम्ही हसाल, पण विचारल्याशिवाय राहवत नाही. आमच्या गावात बब्रुवान भोई म्हणून आहे. सीना नदी गावाला लागूनच. अलीकडं निजामाचा मुलूख, पलीकडं इंग्रजाचा. पाणी असेल तेव्हा माणसं आणि गाड्या उतारावरून पार करून द्यायच्या, आणि एरवी मासे धरायचे, हा त्याचा पिढ्यांचा धंदा. गेल्या सालच्या भादव्यात पाय घसरून तो नदीत पडला आणि त्याचा एक हात कायमचा गेला. हाडवैद्यानं बांधला, पण मूठ मिटली ती मिटलीच.

फेकजाळं टाकायला दोन हात लागतात, वर दात लागतात. एक कड दातात, एक कोपरावर, बाकीचं मुठीत. ते आता त्याला जमत नाही. उन्हाळ्यात नदी आटते आणि डोह तेवढे राहतात. डोहात कुणी कुठल्या दिवशी उतरायचं याची पाळी भोयांचे पंच गुढीपाडव्याला लावतात. रीत अशी की त्या दिवशी सूर्य डोक्यावर यायच्या आत प्रत्येक घरच्या कर्त्यानं आपल्या हातानं एक मासा धरायचा आणि पंचांपुढं जिवंत ठेवायचा. मासा आला तर पाळी लागली. मागच्या पाडव्याला दुखणाईत म्हणून बब्रुवानला सूट मिळाली. येत्या पाडव्याला मिळणार नाही. लागोपाठ दोन वर्षं चुकली की घराची पाळी कायमची भावकीत वाटून जाते. मग तो आणि त्याची बायको कडूबाई, दोघं नदीकाठी राहून नदीला परकी.

तुम्ही सिकंदराबादला कॉन्व्हेंटात शिकलेल्या. इंग्रजी वाचता. एका हाताच्या माणसाला मासे धरता येतील असं काही यंत्र विलायतेत निघालंय का, तेवढं सोलापुरात चौकशी कराल? गळानं धरलेला मासा चालतो, हे मी पंचांना विचारून ठेवलंय. फक्त दुसऱ्या कुणाचा हात लागता कामा नये.

आपल्या घरात मासळीचं नावसुद्धा घेत नाहीत, आणि मी या भानगडीत का, असं मनात येईल तुमच्या. शेजारधर्म समजा.

तुमचा,
कल्याणप्पा


सोलापूर
२८ नोव्हेंबर १९४३

चि. कल्याणप्पा यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. हसले नाही. उलट, वाणसामानाच्या पसाऱ्यात बसून भोयाच्या पाळीची काळजी करणारा भाऊ मला आहे, याचं कौतुक वाटलं. मामांनी तुझ्यावर चांगले संस्कार केले.

छावणीजवळच्या साहेबी दुकानात जाऊन आले. पितळी चाक लावलेली एक काठी त्यांनी दाखवली, पण ती दोन हातांच्या माणसाची. एका हाताच्या माणसासाठी काही आहे का विचारलं तर दुकानदार म्हणाला, "बाई, तसा माणूस मासे विकत घेतो." मी पायऱ्या उतरले.

घरी येईपर्यंत मला सिस्टर विनिफ्रेड आठवत राहिल्या. आम्हाला विणकाम शिकवायच्या. त्यांचा डावा हात लहानपणापासून वाळलेला होता, बाहीत असायचा. तरी शाळेतल्या सगळ्या लहान मुलींचे मोजे त्यांनी विणलेले. कसे, सांगते. वीतभर लांबीचा एक लाकडी तुकडा, टोकाला भोक पाडलेलं. तो त्या कमरेच्या पट्ट्यात खोचायच्या आणि एक सुई त्या भोकात उभी करायच्या. सुई धरायला हात नको. उजवा हात मोकळा, तो दुसरी सुई आणि लोकर चालवायचा. मी नऊ वर्षांची होते. त्या पट्ट्याकडे बघत बसायचे आणि माझे टाके सुटायचे. सिस्टर म्हणायच्या, "डोळे तुझ्या सुईवर, माझ्या कमरेवर नव्हे."

तर कल्याणप्पा, सुईच्या जागी गळाची काठी उभी राहू शकत नाही का? कमरेला चामड्याचा रुंद पट्टा, त्यावर लाकडी नळी, नळीत काठीचा बुंधा. काठीवर मागातली सूत गुंडाळायची मोठी कांडी बसवायची, तिला छोटा दांडा. हात मोकळा राहिला की तो दांडा फिरवून दोरी गुंडाळता येईल. आमच्या गल्लीत उत्तरेश्वर जिनगर आहे. मूळचा तुमच्याच धाराशिवचा. घोड्यांची खोगिरं करायचा, आता टांग्यांचे पट्टे शिवतो. त्याला विचारते.

बब्रुवानच्या कमरेचं माप पाठव. आणि पंजा कागदावर ठेवून भोवती पेन्सिल फिरवून तो कागद पाठव. निकामी हातावर चामड्याची एक टोपी चढवून तिचा काठीला टेका द्यावा, असं मनात आहे.

एक आधीच सांगते. पट्टा करीन, नळी करीन, कांडी करीन. गळ मात्र मी पाठवणार नाही. तेवढं माझ्याच्यानं होणार नाही.

तुझी,
शिवकांताअक्का


डोमखेड
मार्गशीर्ष शुद्ध १२, शके १८६५

तीर्थस्वरूप अक्का यांस शरणु शरणार्थी.

गळाची चिंता करू नका. त्याच्याकडं आहेत. मी त्याला तुमचं म्हणणं वाचून दाखवलं तर म्हणाला, "बरं झालं. बायामाणसानं धाडलेल्या गळाला मासा लागला अस्ता तर पंच म्हणले अस्ते, आक्कासाबांचाच मासा."

मापं घ्यायला त्याला दुकानात बोलावलं. वहीचा कागद फाडून गादीवर ठेवला. तो म्हणाला, "आप्पा, माज्या हाताचा फोटू काडताय व्हय?" पंजा ठेवला, मी पेन्सिल फिरवली. सोबत कागद जोडलाय.

कंबर कडूबाईनं सुतळीनं मोजली आणि गाठ मारली. गाठ बघून म्हणाली, "येवडीच? लगीन झालं तवा चार बोटं जास्त व्हती." तो म्हणाला, "तवा तुज्या बापाच्या घरचं खाऊन आल्तो." सुतळी पाकिटात घातलीय. कडूबाई इतकी बोलली, मग गल्ल्याजवळ उभी राहून सुतळीच्या रिळाकडं बघत राहिली. तिला पाडवा दिसतोय.

माझ्या संस्कारांचं लिहिलंत. त्याबद्दल काय लिहू. पुढच्या पत्रात नका लिहू एवढंच.

तुमचा,
कल्याणप्पा


सोलापूर
२ जानेवारी १९४४

चि. कल्याणप्पा यास अनेक आशीर्वाद.

करमाळ्याकडे जाणाऱ्या ओळखीच्या गाडीवानाबरोबर एक पोतं पाठवत आहे. आत पट्टा, बांबूची काठी, तिच्यावर बसवलेली कांडी आणि मेणातून ओढलेली सुताची दोरी आहे.

उत्तरेश्वर पहिल्यांदा नाहीच म्हणाला. "घोड्याला कसं बांधायचं ते मला कळतं. माणसाला बांधायचं म्हणजे पाप वाटतं." मी त्याला सिस्टरांची गोष्ट सांगितली. तो म्हणाला, "त्या मडमेला एक हात होता आणि तुम्हाला दोन आहेत, तर मोजे जास्त कोणी विणले?" लग्न होऊन या घरी आले त्यानंतर मी एकही मोजा विणलेला नाही. इथे पायात मोजे घालतं कोण? मग तो आपणहूनच म्हणाला, आणा सुतळी.

पंधरा दिवस आमच्या पडवीत हे काम चाललं. नळी आधी सरळ होती. मी म्हटलं, काठी पुढे कललेली हवी, नाहीतर दोरी नाकासमोर पडेल. त्यानं तीनदा नळी उसवली. तिसऱ्यांदा म्हणाला, "बाईसाहेब, घोडं तुमच्यापेक्षा गरीब." सासूबाईंना चामडं घरात चालत नाही, म्हणून त्या पडवीचं दार लावून आत बसायच्या आणि दारातूनच विचारायच्या, "झालं का गं त्या भोयाचं?" तिसऱ्या दिवसापासून त्या दार उघडं ठेवू लागल्या.

बकल मात्र फार सुंदर मिळालं आहे, जुन्या खोगिराचं, पितळी. कसं झालं ते सविस्तर कळव.

तुझी,
शिवकांताअक्का


डोमखेड
पौष वद्य ७, शके १८६५

तीर्थस्वरूप अक्का यांस शरणु शरणार्थी.

पोतं पोचलं. करोडगिरीच्या जकातनाक्यावर दोन दिवस अडकलं होतं. नाकेदारानं कांडी फिरवून बघितली, नळीत बोट घातलं आणि विचारलं, "ये क्या बला है?" मी म्हटलं, मासे धरायचा पट्टा. तो म्हणाला, "मछली कमर से पकडते हैं क्या?" शेवटी बब्रुवानला बोलावलं. त्यानं मिटलेली मूठ पुढं केली. नाकेदारानं ती बघितली आणि पोतं सोडलं.

अक्का, काय सांगू, पट्टा फार उत्तम झालाय. गावातली निम्मी माणसं बघून गेली. बब्रुवान तर पट्टा मांडीवर घेऊन बसला, हात फिरवत राहिला. म्हणाला, "माज्यासाठी इतकं कुनी केल्यालं न्हाय. आक्कासाबास्नी माजा दंडवत सांगा." कडूबाईनं पट्टा घरात खुंटीला टांगलाय, देवाशेजारी. रोज सकाळी त्याला हळदकुंकू लावते. संक्रांतीला तिळगूळसुद्धा ठेवला. कांडीला तिनं फुलाची माळ घातलीय.

भोयांतल्या सगळ्यात वडीलधाऱ्या मथुराबाई. पंचांत त्यांचा शब्द शेवटचा. त्या काठी टेकत येऊन बघून गेल्या आणि म्हणाल्या, "देखना हाय." त्यांच्या तोंडून असा शब्द कुणी ऐकलेला नाही.

तुमचे उपकार आम्ही विसरणार नाही. बाकी सर्व ठीक.

तुमचा,
कल्याणप्पा


सोलापूर
२६ जानेवारी १९४४

चि. कल्याणप्पा यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं तेव्हा फार आनंद झाला. उत्तरेश्वरला वाचून दाखवलं, सासूबाईंना वाचून दाखवलं. उत्तरेश्वर हळदकुंकवापाशी थांबला आणि म्हणाला, "बाईसाहेब, माझी खोगिरं कुणी पुजली नाहीत. ती फाटली."

मी पुन्हा पत्र वाचलं. त्यात मासा कुठेच नाही. नदी नाही. पट्टा भिजला असं नाही. वापरातल्या वस्तूला माशाचा वास यायला हवा, हळदीचा नव्हे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझा डावा हात पदरात घट्ट बांधून घेतला. तू पाठवलेला पंजा डावा, म्हणून बब्रुवानचा डावा हात निकामी, असं मी धरलेलं. अंघोळीपासून दिवेलागणीपर्यंत तशीच राहिले. भाकरी थापली, ती अर्धवट राहिली. वेणी घालता आली नाही. सासूबाई म्हणाल्या, "हे कुठलं व्रत काढलंस या वयात?" मी सांगितलं. त्या मागे बसल्या आणि माझी वेणी घालून दिली. कितीतरी वर्षांत त्यांनी माझ्या केसांना हात लावला नव्हता.

संध्याकाळी उत्तरेश्वरकडून तसलंच एक बकल मागवून एका हातानं लावायला गेले. लागेना. भिंतीला टेकून, गुडघा वर घेऊन, दात लावून पाहिलं. नाहीच. इतकं सुंदर पितळी बकल, आणि त्याला दोन हात लागतात. ही चूक माझी. पट्टा बांधायला कडूबाईचा हात लागत असेल, तर पाडव्याला त्याचा काय उपयोग?

मला आभार नकोत, कल्याणप्पा. आभारांनी पाळी लागणार नाही. बब्रुवानला समोर बसव आणि पट्ट्यात काय काय चुकलं आहे ते त्याच्या तोंडून जसं येईल तसं लिहून घे. एकही खोट गाळू नको. पाडव्याला दोनच महिने आहेत. माझं मन मोडेल म्हणून जो जो शब्द तुम्ही गिळाल, तो त्याच्या घराच्या पाळीतून वजा होईल.

तुझी,
शिवकांताअक्का


डोमखेड
माघ शुद्ध १०, शके १८६५

तीर्थस्वरूप अक्का यांस शरणु शरणार्थी.

तुमचं पत्र बब्रुवानला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "आप्पा, दिल्याल्या वस्तूला नाव ठेवाय जीभ रेटत न्हाय." मी म्हटलं, माझीही रेटली नाही, म्हणूनच हा घोळ झाला. आता बोल. कडूबाई शेजारून म्हणाली, "तुमी बोलत नसाल तर म्या बोलते," आणि तीच पहिल्यांदा बोलली. पट्टा आणि काठी या पत्राबरोबरच परत पाठवतोय. आता लिहून घेतलेलं असं:

निकामी हात उजवा आहे, डावा नव्हे. त्या दिवशी कागदावर निकामी पंजा ठेवायला गेलो तर मूठ उघडेना. मग त्यानं चांगला हात ठेवला आणि मी पेन्सिल फिरवली. दोघांच्याही डोक्यात आलं नाही, की मागितलेला हात हा नव्हे. त्यामुळं नळी उलट्या बाजूला कललीय आणि कांडीचा दांडा उजवीकडं आलाय. डाव्या हातानं तो फिरवायचा तर काठीला मिठी मारावी लागते.

बकल एका हातानं लागत नाही. तुमचं खरं आहे.

चामड्याची टोपी मिटलेल्या मुठीवर चढतच नाही. पण यावर त्याचं स्वतःचं एक म्हणणं आहे. तो म्हणाला, "मूठ मिटलीया न्हवं? मंग तीच कडी. काठी मुठीतनं ववायची. टोपी कशापायी?" त्यानं दुकानातला झाडूचा दांडा मुठीतून ओवून दाखवला. दांडा हलेना. दीड वर्षात त्या मुठीचा काही उपयोग होईल असं त्याच्या पहिल्यांदाच मनात आलं, आणि ते तुम्ही खोट काढायला सांगितल्यावर.

अक्का, आता माझी खोट. ती कुणी विचारली नाही, तरी लिहितो.

बब्रुवान पाय घसरून पडला नाही. भादव्यात मी बाजारातून मिठाची गाडी घेऊन येत होतो. नदीला पाणी होतं. तो म्हणाला, "आप्पा, सांजच्याला उतार पडंल, तवर थांबा." आभाळ भरलं होतं, मीठ भिजेल म्हणून मी हट्ट केला. तो पुढं होऊन बैलांना वाट दाखवत होता. मध्यावर बैल बुजले, गाडी कलली, आणि चाक आणि खडक यांच्यामध्ये त्याचा हात सापडला. मीठ कोरडं राहिलं. ते मी विकलं.

गावाला मी पाय घसरल्याचं सांगितलं. त्यानं कधी खोडून काढलं नाही. तुम्ही माझ्या संस्कारांचं लिहिलंत ते पत्र मी गल्ल्यात सगळ्यात खाली ठेवलंय. आता तुम्ही मला पत्र लिहायचं सोडलंत तरी मी समजून घेईन. पण त्याचं काम थांबवू नका.

तुमचा,
कल्याणप्पा


सोलापूर
२४ फेब्रुवारी १९४४

चि. कल्याणप्पा यास अनेक आशीर्वाद.

हे पत्र पट्ट्याबरोबरच येत आहे. उत्तरेश्वरनं शिवरात्रीच्या उपवासातही काम थांबवलं नाही, म्हणून एवढ्या लवकर झालं.

नळी आता उजवीकडे आहे आणि कांडीचा दांडा डावीकडे. टोपी काढून टाकली. मुठीत बसेल तिथे काठीवर सुताचा जाड वेढा दिला आहे, म्हणजे कातडी सोलणार नाही. हे बब्रुवानचं डोकं, माझं नव्हे. उत्तरेश्वर म्हणतो, हा भोई जिनगर व्हायला हवा होता. बकलाच्या जागी एक लाकडी खुंटी आणि चामड्याचा फास केला आहे. पट्टा कमरेभोवती घ्यायचा, टोक मांडीखाली दाबायचं आणि फास खुंटीवर ओढायचा. मी उजवा हात बांधून वीस वेळा केलं. सासूबाईंनीही एकदा करून पाहिलं. पट्टा लुगड्यावरून बांधून त्या आरशासमोर उभ्या होत्या, हे कुणाला सांगू नको.

गळाला आमिष लावण्यासाठी एक लाकडी ठोकळा पाठवला आहे. त्याला चीर पाडली आहे, गळ तिच्यात अडकवला की हलत नाही.

आता तुझ्या खोटीबद्दल. वाचल्यावर मी दोन दिवस लिहिलं नाही. रागावले होते. मिठासाठी, हे मनातून जाईना. मग वाटलं, तू हे न सांगता मला आयुष्यभर तुझं कौतुक करू देऊ शकला असतास. तसं केलं नाहीस. त्या कौतुकापेक्षा हे पत्र मला जास्त मोलाचं आहे, आणि ते माझ्याकडे जपून राहील. पण कल्याणप्पा, मला सांगून तू निम्माच मोकळा झालास. ज्याला खोटं सांगितलंस ते गाव तुझं तिथं आहे.

पट्टा खुंटीला टांगू देऊ नको. कडूबाईला सांग, हळदकुंकू पाडव्यानंतर.

तुझी,
शिवकांताअक्का


डोमखेड
चैत्र शुद्ध ३, शके १८६६

तीर्थस्वरूप अक्का यांस शरणु शरणार्थी.

काल लिहायला बसलो आणि दोन कागद फाडले. आज क्रमानं लिहितो.

पट्टा आल्यापासून बब्रुवान रोज डोहावर जात होता. पहिल्या आठवड्यात दोरीचा गुंता आणि शिव्या, एवढंच. मग एक दिवस ओट्यावर माशाचा वास घेऊन आला आणि म्हणाला, "आप्पा, वास येतुय का बगा, आक्कासाबास्नी कळवा." मी तुम्हाला कळवलं नाही. पाडव्याआधी आनंद करायची भीती वाटली.

पाडव्याला गुढी उभारून मीही नदीवर गेलो. जन्मात पहिल्यांदा मासे धरताना बघायला उभा राहिलो. भोयांची अकरा घरं. जाळी पडली आणि दहा घरांचे मासे घटकाभरात पंचांपुढच्या घागरीत गेले. बब्रुवान एकटा काठी रोवून कमरेएवढ्या पाण्यात. सूर्य वर चढत होता. कडूबाई काठावर पाठ करून बसली होती, बघायचंच नाही म्हणून. मला विचारत होती, "आप्पा, सावली किती राह्यली?" माझी सावली पायाशी वीतभर राहिली होती, मी तिला हातभर सांगितलं.

तेवढ्यात काठी वाकली. त्यानं डावा हात सोडला आणि दांडा धरला. मूठ काठीला घट्ट, पट्टा कमरेला घट्ट, आणि हात फिरतोय. कांडी अशी करकरत होती की पलीकडच्या काठावरची माणसं उभी राहिली. मरळ होता, हातभर. तो ओढत काठाला आला. गळ सोडवायला दुसरा हात नाही, तर त्यानं दोरी दातानं तोडली आणि मासा गळासकट घागरीत सोडला. मथुराबाईंनी वाकून बघितलं. म्हणाल्या, "जिता हाय."

तर बब्रुवानचा चुलतभाऊ उभा राहिला. पाळी गेली असती तर त्याच्याकडं जाणार होती. म्हणाला, "ह्यो आपल्या हाताचा मासा न्हवं. काठी धरली पट्ट्यानं. पट्टा केला सोलापुरात दुसऱ्यानं. म्हंजी दुसऱ्याचा हात लागला."

पंच एकमेकांकडं बघू लागले. अक्का, मला राहवलं नाही. मी पुढं झालो आणि सगळ्यांसमोर सांगून टाकलं की याचा हात पाय घसरून गेला नाही, माझ्या गाडीखाली गेला, माझ्या हट्टानं. पाळी काढायची तर आधी माझं काय करायचं ते ठरवा. बब्रुवान पाण्यातूनच म्हणाला, "आप्पा, तुमी गप बसा. समद्या गावाला ठावं हाय. तुमालाच वाटतंय झाकलंय." लोक हसले. मला कुठं तोंड लपवावं कळेना, पण छातीवरचं काहीतरी उतरलं.

मग मथुराबाईंनी त्या चुलतभावाकडं बघितलं. म्हणाल्या, "तुजं जाळं कुनी इनलं रं?" तो म्हणाला, "तुमीच की, मावशी." त्या म्हणाल्या, "मंग तुजा मासा माजा व्हय? सोड पान्यात."

त्यानं मान खाली घातली. पाळी लागली. बब्रुवानला गुरुवार मिळालाय.

आता त्याचा निरोप, शब्दाला शब्द: "आक्कासाबास्नी सांगा, पट्टा भिजला की जड व्हतोय. कांडी लई करकरती, ल्हान मासं बिचकत्यात. फास हिवाळ्यात आखडंल असं वाटतंय. आनि ठोकळा तरंगत जातोय, त्याला दोरी पायजे." कडूबाई त्याला म्हणाली, "आवो, आदी दंडवत तरी सांगा." तो म्हणाला, "ह्योच दंडवत हाय. त्यास्नी कळतोय."

तुमचा,
कल्याणप्पा


सोलापूर
५ एप्रिल १९४४

चि. कल्याणप्पा यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी पडवीत मोठ्यानं वाचलं. उत्तरेश्वर ऐकायला आला होता. करकर ऐकल्यावर तो लगेच म्हणाला, "एरंडेल. मी आधीच म्हटलं होतं, एरंडेल." त्यानं म्हटलं नव्हतं. पट्ट्याला मेण लावायचं की तेल, यावर आमचं सकाळपासून चाललं आहे. मथुराबाईंचं बोलणं सासूबाईंनी माझ्याकडून पुन्हा वाचून घेतलं आणि मग आत जाऊन देवापुढे दिवा लावला. माशासाठी नव्हे, असं मला बजावून सांगितलं.

आभार मानायचे तर ते मला मानायचे आहेत. या घरी येऊन मला तीस वर्षं झाली. इंग्रजी, विणकाम, सिस्टरांच्या हाताखाली शिकलेलं कितीतरी मी बरोबर आणलं होतं. घर चांगलं, माणसं चांगली, पण त्यातलं काही कुणाला लागलं नाही आणि मीही काढून दाखवलं नाही. मग एका पत्रात कुणीतरी विचारलं. विचारणाऱ्याच्या मनात काय होतं ते मला आता ठाऊक आहे, तरीही विचारलंस हे चांगलं केलंस. या चार महिन्यांत पडवीचं दार जेवढं उघडं राहिलं तेवढं तीस वर्षांत राहिलं नव्हतं.

बब्रुवानच्या चारही खोटी पोचल्या. इतका सुरेख दंडवत मला अजून कुणी घातला नाही.

आणि ऐक, मी येते आहे. कुर्डुवाडीपर्यंत रेल्वेनं, पुढे मोटारनं परांड्यापर्यंत, तिथून तुझ्या गाडीनं. नदीला आता पाणी नाही, त्यामुळे तू घाई केलीस तरी चालेल. सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "जा. आणि तो खुंटीचा फास तो कसा ओढतो ते नीट बघून ये." पुढच्या गुरुवारी सकाळी मी डोहावर असेन. लांबूनच बघीन. बब्रुवानला एवढंच सांगून ठेव, मी आले म्हणून काठावर येऊन नमस्कार करत बसायचं नाही. हात कामात असेल तर मानसुद्धा वर करायची नाही.

तुझी,
शिवकांताअक्का